फुंकर दारू पकडते, भांग नाही

झाशीच्या बडा बाजारात आमच्या शेजारचे काका मालगाडीचे लोको पायलट. ड्युटीचा कॉल आला की काकू डबा भरायला घेतात आणि काका आतूनच ओरडतात, "खोकल्याचं औषध नको गं, फुंकायचंय!" मग आल्याच्या काढ्यावर भागवायचं.

त्यांच्याबरोबर एकदा स्टेशनवर, ड्युटीची नोंद करायच्या लॉबीपर्यंत गेलो. काकांनी बोटाचा ठसा दिला, श्वासातली दारू तपासणाऱ्या यंत्राला नवी नळी लावली आणि फुंकायला सुरुवात केली. फुंकर मध्येच तुटली. यंत्राने ती मोजलीच नाही, पुन्हा फुंकायला लावलं. त्याला गालातली हवा चालत नाही, फुप्फुसाच्या तळाची लागते, कारण रक्तातला मद्यार्क तिथेच श्वासात उतरतो. साधारण 2100 मिली श्वासात जेवढा, तेवढा 1 मिली रक्तात, असा हिशेब. आत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असतात. मद्यार्काचं त्यांच्यावर ऑक्सिडीकरण होतं, त्यातून वीज निर्माण होते, आणि जितका मद्यार्क जास्त तितका प्रवाह जास्त. दुसऱ्या वेळी काका छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहिले. पडद्यावर शून्य आलं आणि ते साइन ऑन करायला वळले. रस्त्यावर कायदा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमपर्यंत चालवून घेतो. इंजिनात चढणाऱ्याला ती सवलत नाही.

तपासणीसाठी लघवीची बाटली भरून देण्यापेक्षा हे फुंकणं कितीतरी बरं. माणसाच्या मागे दाराशी कुणी उभं राहत नाही, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे कळतं ते आत्ताचं.

पण हे झालं दारूपुरतं. उत्तर प्रदेशात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत; 1985च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं, म्हणजे भांग, येत नाहीत. होळीला भांगेची ठंडाई पिऊन आलेल्या माणसासमोर हे यंत्र बिनदिक्कत शून्य दाखवेल. लघवीत भांग सापडते, पण नको इतकी: उतरून गेल्यावरही तिचे अवशेष कित्येक दिवस दिसतात, आणि रोज घेणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे. सोमवारी घेतलेल्या भांगेसाठी शुक्रवारी शुद्धीत असलेल्याला दोषी धरायचं का? लाळेची पट्टी त्या मानाने ताजी गोष्ट सांगते. मात्र गांजाचा अंश लाळेत येतो तो मुख्यतः धूर तोंडातून जाताना. पोटात गेलेली भांग तिथे फारशी उतरत नाही. म्हणजे चिलीमवाला सापडेल आणि ठंडाईवाला सुटेल. आमच्या झाशीत तर ही पळवाट फारच मोठी.

विमानसेवेतही हेच दिसतं: वैमानिकांची अमली पदार्थांसाठी अचानक तपासणी 31 जानेवारी 2022पासून सुरू झाली, तीही लघवीवरच. तेव्हा दारूसाठी खुशाल फुंकरीवर विसंबावं. भांगेसाठी मात्र तूर्त बाटलीला पर्याय नाही. आणि तुम्हाला कुठे फुंकायची वेळ आली नि नुकतंच मद्यार्क असलेलं औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल, तर तसं आधीच सांगा आणि 15 मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा.