त्रेसष्ट लिहिताना छत्तीस का होतात?

तिसरीतल्या मुलीला टॅबवर प्रश्न आला होता : त्रेसष्ट अंकांत लिही. तिनं ३६ लिहिले. लाल फुली आली. पुन्हा ३६, पुन्हा फुली. तिसऱ्या फुलीनंतर तिनं टॅब शेजारच्या मुलाकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "बाळा, मोठ्यानं म्हणत म्हणत लिही बरं." ती 'त्रे' म्हणाली आणि ३ लिहिला, 'सष्ट' म्हणाली आणि पुढे ६ लिहिला. ऐकलं तसंच लिहिलं होतं तिनं. मराठीत एकक आधी बोलतात आणि लिहिताना दशक आधी येतो, हे तिला कुणी उलगडून दाखवलं नव्हतं. टॅबला तिची चूक कळली, चुकीचं कारण कळलं नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असंही वाचन आलं, तेव्हा किती गदारोळ झाला होता! विषय विधानसभेपर्यंत गेला. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी त्यामागचा विचार पुन्हा पुन्हा समजावून सांगितला. भाषा बिघडेल ही लोकांची भीती मी समजू शकतो. पण पहिली-दुसरीच्या वर्गात बसून ही चूक रोज पाहिलेल्या माणसाला तो बदल मुलांच्या बाजूचा वाटला. त्या बदलाला ना वीज लागत होती, ना इंटरनेट.

वर्गात यंत्र येऊच नये, असं माझं म्हणणं नाही. आमच्या द्विशिक्षकी शाळेत पहिला प्रोजेक्टर आला तो लोकवर्गणीतून. जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर गावोगावी डिजिटल शाळांची लाट आली होती. आमच्याकडे ऊसतोडीहून परतलेल्या आयांनीही पदराच्या गाठीतून शंभर-शंभर रुपये काढून दिले. पडद्यावर समुद्र पाहिला तेव्हा पोरांनी श्वास रोखून धरला होता. दोन वर्षांनी दिवा गेला. नवा दिवा आणायला कुठलाच निधी नव्हता, त्यात बिल थकलं म्हणून मीटर काढून नेला. तो प्रोजेक्टर अजून कपाटात सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलाय. कपाट उघडलं की मला त्या शंभराच्या नोटा आठवतात.

शाळेचं भलं वस्तूंनी होईल, ही आशा जुनी आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेनं किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य द्यायचं ठरवलं होतं. ती गरज खरी होती. त्याआधी, १९८४ मध्ये, पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम बनवणारी संस्था उभी राहिली. तिथं मराठी मुलांसाठी कितीतरी कार्यक्रम तयार झाले आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट गावच्या छोट्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पातले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. याच प्रकल्पातून पेरू देशानं आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. पुढे तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, तेव्हा भाषा आणि गणितात लॅपटॉप मिळालेली मुलं इतरांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत.

मग यंत्र उपयोगी पडतं तरी कुठे? मला दोन उदाहरणं महत्त्वाची वाटतात. एक माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, ते आधी स्वतःच्या वर्गासाठी. मुलाचं पुस्तक आणि घरातला एक फोन, एवढ्यावर काम भागलं. पुढे ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ही वाट वर्गातून वर गेली, म्हणून ती टिकली असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. २०१५-१६ मध्ये तिथं शाळा सुटल्यावर 'माइंडस्पार्क' केंद्रांत येणाऱ्या सहावी ते नववीच्या मुलांचा अभ्यास झाला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. संगणकानं त्यांना इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवून, ती जिथं अडली होती तिथले प्रश्न दिले. त्याच्या जोडीला लहान गटात शिकवणारा माणूसही होता. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही ठळक फरक पडला. वयापेक्षा मुलाच्या पातळीवरून गट करायचे, हेच 'प्रथम' संस्थेनं आपल्याकडे वर्षानुवर्षं संगणकाविना करून दाखवलंय.

पातळी ओळखायची तर मुलाजवळ बसायला वेळ लागतो. आमचा वेळ जातो कुठे? सरकारच्या 'सरल'वर माहिती भरा, 'यू-डायस'वर तीच पुन्हा भरा, पोषण आहाराची रोजची नोंद करा, फोटो टाका, लिंक आली की तासाभरात भरून द्या. चार वर्ग, दोन शिक्षक, आणि त्यातला एक फोनला रेंज मिळावी म्हणून पटांगणाच्या कोपऱ्यात उभा. संगणकानं आधी हे ओझं उतरवावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. एकदा भरलेली माहिती दुसऱ्यांदा मागू नये, एवढं झालं तरी आठवड्यातले कितीतरी तास वर्गाला परत मिळतील. आणि साहित्य घ्यायच्या वेळी दुरुस्तीचे, विजेचे पैसे आधी बाजूला काढावेत. शाळेत काय हवं हे शिक्षकाला विचारावं, पेट्या उतरवून झाल्यावर नव्हे, त्याआधी.

त्या दिवशी मी त्या मुलीपुढे काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या ठेवल्या. तिनं सहा जुड्या मोजल्या, तीन सुट्या काड्या घेतल्या. "साठ... तीन," ती म्हणाली आणि ६३ लिहिले. मग स्वतःशीच हळू आवाजात 'त्रेसष्ट' म्हणून पाहिलं. टॅब तिनं मित्राकडून परत घेतला. हिरवी खूण आली. पुढचा प्रश्न एकोणसाठचा होता. बोट पडद्यापर्यंत गेलं आणि थांबलं. तिनं टॅब मांडीवरून खाली ठेवला आणि काड्या पुन्हा जवळ ओढल्या.