हौसेचं विमान, नोकरीचं विमान

१० फेब्रुवारी १९२९ रोजी चोवीस वर्षांच्या जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, क्रमांक १. उडायचं ते निव्वळ हौसेपोटी. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला याच हौशी वैमानिकानं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाचं पुस मॉथ अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं आणि टाटांच्या हवाई टपालसेवेचा श्रीगणेशा झाला. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच मार्ग छोट्या विमानातून पुन्हा पार केला. आधी हौस, मग व्यवसाय, आणि व्यवसायात राहूनही हौस शाबूत. आज आपल्याकडे हौस मागेच पडली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धुळे, बारामती किंवा गोंदियाच्या हवाई पट्टीवर शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर एअरलाइनच असते. व्यावसायिक परवाना म्हणजे सीपीएल. त्यासाठी क्लास वन मेडिकल, हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र वगैरे विषयांचे पेपर आणि लॉगबुकात २०० तास. खर्च ५० लाखांच्या पुढे. एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानासाठीचं खास प्रशिक्षण, बहुधा वेगळंच. डोक्यावर एवढं कर्ज असलं की अवर्स भरणं हा एकच ध्यास उरतो. खासगी परवाना, म्हणजे पीपीएल, ४० तासांत मिळू शकतो, सतराव्या वर्षीही. पण त्यावर पैसे घेऊन उडता येत नाही, म्हणून त्याच्याकडे शिडीची पहिली पायरी एवढ्याच नजरेनं पाहिलं जातं.

या पायरीवर काय शिकायला मिळतं ते पाहा. सेसना १५२ मध्ये दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात; इंजिन ११० अश्वशक्तीचं. उडण्याआधी पायलट पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक कपात काढतो आणि उजेडात धरतो. एव्हगॅस फिकट निळं असतं. त्यात पाणी असलं तर ते तळाशी वेगळं दिसतं. मग स्वच्छ निळं येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं. नंतर तेलाची डिपस्टिक, पिटो नळीवरचं आवरण, फ्लॅपच्या बिजागऱ्या, सगळं स्वतः बघायचं. मोठ्या विमानामागे इंधन, वजन, मार्ग, देखभाल पाहणारी अख्खी यंत्रणा उभी असते. इथे सगळी भिस्त एकट्यावर. आणि ढग खाली उतरले तर विमान हँगरमध्ये ढकलून घरी जायचा निर्णयही त्याचाच.

नोकरीत रोस्टर ठरवतं. मध्यरात्री गजर लावून उठणं, एका दिवसात तीन-चार सेक्टर, ठरावीक काळानं सिम्युलेटरची परीक्षा, आणि मेडिकलमध्ये अडकलात तर उत्पन्नच बंद. आपल्याकडे २०२५ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली. थकलेला वैमानिक हा प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे हे व्हायलाच हवं होतं.

मग हौसेचा नोकरीत उपयोग काय? २३ जुलै १९८३ ची घटना सांगतो. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन भरताना किलो आणि पौंडांच्या हिशेबात घोळ झाला आणि ४१,००० फुटांवर इंधन संपत आलं. आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. विमानात ६९ जण. को-पायलट मॉरिस क्विंटाल यांना गिमली इथला जुना हवाई तळ माहीत होता. तिथवर पोचले खरे, पण विमान फार उंचावर होतं आणि इंजिनांशिवाय पुन्हा फेरी मारणं अशक्य. कॅप्टन बॉब पिअरसन एरवी हौसेनं ग्लायडर उडवत. त्यांनी विमान एका अंगावर कलवलं, रडर उलट्या बाजूला दाबलं आणि ते अजस्र धूड तिरकं घसरवत खाली आणलं. ग्लायडरवाले उंची घालवायला हीच रीत वापरतात. प्रवासी जेट असं उतरवायची वेळ सहसा कुणावर येत नाही. धावपट्टीचा वापर तेव्हा मोटारींच्या शर्यतींसाठी होत होता आणि त्या दिवशीही तिथं माणसं होती. तरी एकही जीव गेला नाही.

पिअरसन यांना ही रीत सुट्टीच्या दिवसांनी शिकवली होती. हे वेड आपल्याकडेही आहे. एअरलाइनमध्ये पायलट असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. पुण्याला हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. तिथं पोराबाळांना एकदा तरी घेऊन जावं.

मुलाला पायलट व्हायचंय म्हणणाऱ्या आईवडिलांना माझं सांगणं आहे: कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी क्लास वन मेडिकल करून घ्या आणि इन्स्ट्रक्टरबरोबर छोट्या विमानातून त्याला एकदा उडू द्या. पगार नसता तरी उडावंसं वाटलं असतं का, हे त्यानंतर विचारा. आणि ज्यांचं एअरलाइनचं वय निघून गेलंय, त्यांनी खट्टू होऊ नये. एअरलाइनचं कॉकपिट ६५ व्या वर्षी सोडावंच लागतं. पीपीएलला वयाची वरची मर्यादा नाही, मेडिकल तेवढं पास व्हायला हवं.