गोसीखुर्द जलाशयाकाठच्या उद्यानांतील सार्वजनिक शौचालयांचे नियोजन

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. 1988 मध्ये त्याची पायाभरणी झाली व 2009 मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा जलाशयाकाठी उद्यान उभारताना शौचालयाचे नियोजन हा मूलतः पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न ठरतो. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये व पुढे वैनगंगेत येऊन या जलाशयास मिळते. त्यात उद्यानातील मैल्याची भर पडता कामा नये.

जलाशयाकाठी भूजलपातळी सहसा उंच असते. शोषखड्डा भूजलात बुडाल्यास रोगजंतू जवळच्या विहिरींपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून पावसाळ्यातील पाणीपातळी मोजूनच जागा निश्चित करावी. पातळी उंच असल्यास गळतीरहित टाकी बांधावी व तिच्यातील मैला प्रक्रिया केंद्राकडे नेण्याची व्यवस्था करावी.

सुरक्षितता हा दुसरा पैलू होय. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांना मात्र शुल्क, ही विषमता मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' चळवळीने पुढे आणली. सोय नसल्यास अनेक स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे स्त्रियांचे प्रवेशद्वार स्वतंत्र व वर्दळीच्या वाटेवरून दिसणारे असावे. आत भक्कम कडी, दिवा व पाणी असावे. अपंगांसाठी उताराची वाट असावी.

तथापि, उत्तम आराखडाही देखभालीअभावी निष्फळ ठरतो. सफाई कर्मचाऱ्याचे वेतन, पाणी व वीज यांची वार्षिक तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकासोबतच मंजूर होणे आवश्यक आहे.