दुकानाचा टेलिफोन आणि यंत्राचा कंठ

सीबीडी बेलापूर म्हटले की कोकण भवन, सिडको भवन, कोकण रेल्वेचे मुख्यालय अशा मोठ्या कचेऱ्या डोळ्यांसमोर येतात. परंतु त्यांच्याच सावलीत दोन-तीन माणसांवर चालणारे लहान धंदेही पुष्कळ आहेत. तेथे मालक तोच कारागीर, तोच हिशेबनीस आणि टेलिफोन घेणाराही तोच. समजा, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा एक गृहस्थ शिडीवर चढला आहे आणि खिशातला फोन वाजतो आहे. उचलावा तर हातातले काम बिघडते. न उचलावा तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे वळते. या पेचावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा उतारा आता पुढे आला आहे. तो कितपत घ्यावा, याचा येथे आपण विचार करू.

दुकानदाराची ही चिंता नवी नव्हे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. टेलिफोन जोडून देणारी व्यक्ती आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, असे सांगतात. त्याने मधल्या माणसावाचून चालणारे एक्स्चेंज शोधून काढले व १८९१ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. मात्र स्ट्राउजरने जोडणाऱ्यास दूर केले, बोलणाऱ्यास नव्हे. आजचे यंत्र बोलणाऱ्याच्याच जागी बसू पाहते. खरा प्रश्न येथे सुरू होतो.

हे यंत्र तीन कामे करते. प्रथम ते आवाज ऐकून त्याची अक्षरे करते. नंतर अफाट मजकुरावर शिकविलेले भाषेचे प्रतिमान उत्तर जुळविते. शेवटी त्या उत्तराचा उच्चार होतो. आणि हे सर्व झटपट व्हावयास हवे. कारण माणसांच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यास सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. यंत्र त्याहून फार रेंगाळले, की पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो.

पहिल्या पायरीवरच घसरण्याचा संभव असतो. जुन्या ठरीव टेलिफोन-पद्धतीत सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज पोचतो. ‘स’चा सीत्कार बराचसा त्यापलीकडे राहतो, म्हणून नावे चुकतात. रस्त्याच्या गोंगाटात ‘अकरा’ आणि ‘अठरा’ यांची गल्लत माणसाकडूनही होते. दिवाळे गावची आगरी-कोळी बोली छापील मराठीवर पोसलेल्या यंत्रास अडखळविते. आणि नुसते ‘बेलापूर’ म्हटले, तर श्रीरामपूरजवळही एक बेलापूर आहेच!

दुसऱ्या पायरीवरची चूक अधिक गंभीर असते. प्रतिमान संभाव्य शब्द जुळविते. ते शब्द खरे आहेत की नाहीत, याची हमी त्यात नसते. दरपत्रक दिले नसेल, तर ते शोभेलसा दर आत्मविश्वासाने सांगून मोकळे होईल. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील उत्तर-यंत्राने, आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूस सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. यंत्र स्वतःच्या उत्तरास स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने मांडला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला व भरपाई देण्यास सांगितले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही; पण व्यवहाराचा धडा स्पष्ट आहे. पेढीच्या नावाने जो बोलतो, त्याचा शब्द पेढीचाच.

मग यंत्रास काय सोपवावे? दुकानाच्या वेळा, पत्ता, ठरलेले दर, निरोप आणि भेटीची वेळ. नाव, सेक्टर व इमारत त्याने पुन्हा वाचून दाखवावी. वचन मात्र देऊ नये. आपण यंत्र आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ‘माणसाशी बोलावयाचे आहे’ म्हणताच फोन माणसाकडे जावा. ठिणगी, धूर किंवा वायूचा वास यांचा उल्लेख होताच तर विनाविलंब जावा. बोलणे नोंदवावयाचे असेल, तर तसे आधी सांगून संमती घ्यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला, तो याच दृष्टीने.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. टेलिफोनवर बसविलेली नवखी मुलगी गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकत ऐकतच धंदा शिकत असते. ती जागा पुसून टाकली, तर पगार वाचेल. पण उद्याची जाणती व्यवस्थापिका कोठून येणार? म्हणून मालक शिडीवर असताना आणि दुकान बंद असताना यंत्राने फोन जरूर घ्यावा. परंतु रोज सायंकाळी त्याने घेतलेले निरोप कोणी तरी माणसाने वाचावेत आणि रागावलेल्या गिऱ्हाइकास स्वतः फोन करावा. लहान दुकानाची पत या ओळखीवरच उभी असते. ती सांभाळून यंत्र वापरले, तर ते उपकारक होईल. ओळखच त्याच्या हवाली केली, तर लहान दुकानाजवळ स्वतःचे असे थोडेच उरेल.