बैलगाडी शर्यत (सांगली व सातारा जिल्हे)

बैलगाडी शर्यत ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील एक पारंपरिक क्रीडास्पर्धा आहे. सांगली व सातारा जिल्ह्यांत, विशेषतः तासगाव, खानापूर, आटपाडी, माण व खटाव या तालुक्यांत, दोन बैल जोडलेला हलका छकडा सरळ धावपट्टीवर पळवून ही शर्यत खेळली जाते. हा खेळ मूलतः हौशी शेतकऱ्यांचा आहे. २०१४ ते २०२१ या काळात शर्यतींवर न्यायालयीन बंदी होती. डिसेंबर २०२१ पासून त्या कायद्यातील अटींच्या अधीन राहून पुन्हा भरविल्या जातात.

प्रदेश व पार्श्वभूमी

तासगाव तालुका येरळा नदीच्या खोऱ्यात असून द्राक्षे व बेदाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. ब्रिटिश काळात तो सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. त्यामुळे शर्यतींच्या चालीरीती, शब्द व जाणकारांची वर्तुळे या दोन्ही जिल्ह्यांत बव्हंशी समान आहेत.

रब्बीची सुगी संपल्यावर भरणाऱ्या गावजत्रा हा शर्यतींचा पारंपरिक हंगाम होय. जत्रेत कुस्तीचा फड आणि बैलगाड्यांचे मैदान ही दोन मुख्य आकर्षणे असत. वर्षभर नांगर, कुळव व मोट ओढणाऱ्या बैलांपैकी चपळ निघालेली जोडी गावाच्या वतीने मैदानात उतरविली जाई. जिंकणाऱ्यास नारळ, फेटा वा ढाल मिळे. मात्र मिळालेल्या वस्तूपेक्षा गावात होणाऱ्या नावालाच अधिक मोल असे.

खिल्लार बैल

शर्यतीत प्रामुख्याने खिल्लार जातीचे बैल धावतात. या जातीचे मूळ क्षेत्र माणदेश व त्यालगतचा दुष्काळी पट्टा हे मानले जाते. आटपाडी महाल व म्हसवड या तिच्या प्रसिद्ध उपजातींची नावेही याच भागातील आहेत. पांढरा वा करडा रंग, अरुंद व लांबट चेहरा, मागे वळून वर जाणारी लांब शिंगे, सडपातळ बांधा आणि कठीण खूर ही या बैलाची लक्षणे होत. कमी चाऱ्यावर तग धरणे आणि ओझे घेऊन वेगाने चालणे यांसाठी तो ओळखला जातो. आटपाडी तालुक्यातील खरसुंडी, माण तालुक्यातील म्हसवड आणि खटाव तालुक्यातील पुसेगाव येथील यात्रांतील जनावरांचे बाजार खिल्लार खरेदी-विक्रीची प्रमुख केंद्रे आहेत.

बैलाचे वय दातांवरून ठरविले जाते. दुधाचे दात न पडलेल्या खोंडास ‘आदत’ आणि दोन कायमचे दात आलेल्यास ‘दुसा’ म्हणतात. सर्व कायमचे दात आलेला बैल ‘जुळलेला’ ठरतो. अनेक मैदानांत आदत व दुसा बैलांसाठी स्वतंत्र गट ठेवले जातात.

छकडा

शर्यतीचे वाहन म्हणजे छकडा. तो शेतमालाच्या जुन्या बैलगाडीतूनच उत्क्रांत झाला. मालवाहू गाडीच्या लाकडी चाकाला तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून तापवून बसविलेली लोखंडी धाव असे भाग असत. ही गाडी ओझे पेलण्यासाठी बांधलेली असल्याने जड असे. शर्यतीसाठी सुतार-लोहारांनी तिच्यातील अनावश्यक भाग एकेक करून कमी केला. साठा नावापुरता उरला, चाके हलकी झाली आणि गाडीवर एका चालकापुरतीच जागा राहिली. पुढे आसाला बेअरिंग बसविल्याने घर्षण घटले.

छकड्याची बांधणी करताना वजनाइतकाच तोलाचा विचार करावा लागतो. भार पुढे झुकला तर जू बैलांच्या मानेवर दाबते आणि मागे गेला तर ते वर उचलले जाऊन गळ्याखालच्या जोत्याचा फास बसतो. त्यामुळे चांगला छकडा वेग तर देतोच, शिवाय बैलाला इजाही होऊ देत नाही. जुन्या लाकडी गाड्या बांधणारे कारागीर आता थोडे उरले आहेत.

शर्यतीचे स्वरूप

मैदानात एकमेकांना समांतर अशा चाकोऱ्या आखलेल्या असतात. प्रत्येक छकड्याला चिठ्ठी काढून चाकोरी मिळते. सर्व गाड्या एका रेषेत उभ्या करून झेंड्याच्या इशाऱ्यावर सोडल्या जातात. आपली चाकोरी सोडून दुसऱ्याच्या चाकोरीत गेलेली गाडी बाद ठरते. प्रत्येक गटातील विजेता पुढील फेरीत जातो आणि उपांत्य फेरीनंतर अंतिम फेरी होते. अंतिम रेषेवरील निकाल पंच देतात. अलीकडे त्यासाठी कॅमेऱ्याचेही साहाय्य घेतले जाते. ध्वनिक्षेपकावरून बैलांची, मालकांची व गावांची नावे गुंफत धावते वर्णन करणारा निवेदक हा मैदानाचा अविभाज्य घटक आहे.

एका छकड्याचे दोन्ही बैल एकाच मालकाचे असतीलच असे नाही. दोन मालक आपापला एकेक बैल देऊन जोडी करतात, त्यास ‘पैरा’ म्हणतात. हा शब्द शेतीतून आला आहे. एकच बैल असलेले दोन शेतकरी आळीपाळीने एकमेकांच्या रानात नांगरट करीत, त्या देवघेवीचे हे नाव होय. त्यामुळे बेताच्या परिस्थितीतील शेतकऱ्यालाही मैदानात उतरता येई.

महाराष्ट्राच्या इतर भागांत शर्यतीचे प्रकार वेगळे आहेत. जुन्नर, आंबेगाव व खेड या तालुक्यांत चढाच्या घाटावर बैलगाडा पळवून वेळ मोजली जाते आणि बैलांपुढे घोडी धावते. विदर्भात हा खेळ ‘शंकरपट’ या नावाने ओळखला जातो.

मोटारींच्या ड्रॅग शर्यतीशी तुलना

उभ्या स्थितीतून सुटणे, सरळ मार्ग, थोडे अंतर आणि बाद फेरी या चार गोष्टींमुळे ही शर्यत मोटारींच्या ड्रॅग शर्यतीशी मिळतीजुळती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, हौशी तरुण जुन्या फोर्ड मोटारींचे मडगार्ड, टप व इतर अनावश्यक भाग काढून त्या हलक्या करीत आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतरावर पळवीत. यातील अनेक शर्यती रस्त्यावरच होत व अपघात घडत. हा खेळ रस्त्यावरून हटवून नियमबद्ध धावपट्टीवर आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. त्या काळातील मोटारी आज संग्राहक जतन करतात आणि त्यांच्या स्वतंत्र शर्यतीही होतात.

वाहन हलके करण्याची कारागिरी, हौशी स्पर्धक आणि नियमांची गरज या बाबतींत दोन्ही खेळ समान आहेत. मूलभूत फरक असा की, मोटारीला वेदना नसते. शिवाय जुनी मोटार सुटे भाग मिळवून पुन्हा उभी करता येते. जनावराचा वंश एकदा खंडित झाला की तो परत आणता येत नाही. बैलगाडी शर्यतीसंबंधीचा वाद मुख्यतः या दोन मुद्द्यांभोवती फिरतो.

कायदेशीर वाद

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अधिसूचना काढून प्रदर्शन व खेळासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडी शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी अनुकूल नाही आणि त्याला भीती व वेदना देऊन पळविले जाते, असे न्यायालयाने नमूद केले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने अटींसह सूट दिली, परंतु काही दिवसांतच तिला स्थगिती मिळाली.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये या अधिनियमात राज्यापुरती सुधारणा केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केल्याने कायदा होऊनही शर्यती सुरू झाल्या नाहीत. २० ऑगस्ट २०२१ रोजी आटपाडी तालुक्यातील झरे येथे आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने बंदी असतानाही शर्यत झाली आणि प्रश्न पुन्हा चर्चेत आला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह अंतरिम परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या सुधारणा वैध ठरविल्या.

सध्याच्या नियमांनुसार शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. धाव १,००० मीटरपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आहे. चाबूक, काठी, टोकदार वस्तू व विजेचा धक्का यांस मनाई आहे. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बदलते स्वरूप

तासगाव परिसरात द्राक्षबागांचा विस्तार झाल्यावर दोन ओळींमधून जाणारे लहान ट्रॅक्टर मशागत व फवारणी करू लागले आणि शेतातील बैलाचे काम घटले. शर्यतीच्या समर्थकांच्या मते खिल्लार खोंडाला आज जी किंमत मिळते ती शर्यतीमुळेच. शर्यत थांबली तर त्याला सांभाळण्याचे कारणच उरणार नाही, असे ते मानतात. प्राणिमित्र संघटनांच्या मते वंशसंवर्धन पैदास केंद्रे व शेतीतील वापर यांद्वारे व्हावे, त्यासाठी जनावराला पळविण्याची गरज नाही.

बंदी उठल्यानंतर बक्षिसांचे स्वरूपही पालटले. मोठ्या मैदानांत मोटारसायकल, ट्रॅक्टर व चारचाकी वाहने बक्षीस म्हणून दिली जातात आणि नामांकित बैलांचे व्यवहार लाखो रुपयांत होतात. बक्षीस वाढले की बैलाला अधिक ताणण्याचा मोह वाढतो आणि एक-दोन बैल बाळगणाऱ्या साध्या शेतकऱ्याला स्पर्धेत टिकणे अवघड होते, असे जुन्या हौशी मालकांचे निरीक्षण आहे. मैदान सुरू होण्यापूर्वीची तपासणी आणि चालकाच्या हाती चाबूक वा काठी नसल्याची खात्री या दोन बाबी किती काटेकोरपणे पाळल्या जातात, यावर या खेळाची मान्यता टिकून आहे. घटनापीठानेही नियमांच्या अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर सोपविली आहे.