कुंभकोणमचे नाव आणि परदेशातील पदवी

तमिळनाडूतील महामार्गांवरून प्रवास करणाऱ्यास 'कुंभकोणम डिग्री कॉफी' अशी पाटी लावलेली दुकाने जागोजागी आढळतात. पितळी पेला, त्याखालची खोलगट पितळी वाटी आणि वर फेसाळलेली कॉफी असा सर्व सरंजाम तेथे असतो. मात्र यांतील पुष्कळ दुकानांचा कुंभकोणम शहराशी नावापलीकडे काहीही संबंध नसतो. एखाद्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला लौकिक गावाबाहेर विकला जातो आणि त्याचा मोबदला गावाला मिळत नाही, असा हा प्रकार आहे. कोल्हापुरी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पाट्या महाराष्ट्रभर पाहणाऱ्या वाचकास तो अपरिचित वाटू नये.

अशा लौकिकाचे उत्पन्न गावातच कसे राहील, हा 'खाद्य-पर्यटन उद्योजकता' या नव्या अभ्यासविषयाचा गाभा आहे. युरोप व ऑस्ट्रेलियातील काही विद्यापीठांत अन्नसंस्कृती व तिच्याशी निगडित पर्यटन यांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि भारतीय विद्यार्थीही तिकडे वळू लागले आहेत. कुंभकोणमसारख्या शहरातील पदवीधराने कर्ज काढून हे शिक्षण घ्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर भावनेने नव्हे, हिशेबाने द्यावे लागेल.

नावाची किंमत

'डिग्री' या शब्दाची एक व्युत्पत्ती दुग्धमापकाशी जोडली जाते. दुधात पाणी नाही हे त्या उपकरणावरील अंशांवरून ठरत असे व अशा निर्भेळ दुधाची कॉफी ती डिग्री कॉफी. 'चिकोरी' या शब्दाचा हा अपभ्रंश आहे, असेही काही जण मानतात. पहिली व्युत्पत्ती ग्राह्य धरल्यास हे नाव म्हणजे शुद्धतेची हमीच होती. विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते, ग्राहकाला नसते; अशा बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावून लावू शकतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले व त्या विचारधारेला २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हमी देणारे नाव कोणीही वापरू लागला, की ती हमीच संपते.

यावर भौगोलिक निर्देशनाचा कायदा हा एक उपाय आहे. १९९९ चा हा कायदा २००३ मध्ये अमलात आला. पळणीचे पंचामृत व श्रीविल्लिपुत्तूरचा पालकोवा यांना २०१९ मध्ये हे संरक्षण मिळाले. कुंभकोणमच्या विड्याच्या पानालाही ते २०२५ मध्ये लाभले. कॉफीची अडचण निराळी आहे. पान कावेरीच्या गाळाच्या जमिनीत वाढते, पण कॉफीचे बी येते कोडगू-चिक्कमगळूरच्या डोंगरांतून आणि कोडगूच्या अरेबिका कॉफीला तिचे स्वतःचे निर्देशन आहे. कुंभकोणमचे राहते ते दूध, भाजणी आणि हातोटी. यांपैकी भूमीशी बांधलेले असे फारच थोडे. म्हणून कॉफीचे नाव कायद्याने राखणे अवघड आहे. माल राखता येत नसेल, तर ग्राहकालाच मालाच्या गावी आणणे हा मार्ग उरतो.

गावी आणण्याजोगे कुंभकोणममध्ये पुष्कळ आहे. शेजारच्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दर बारा वर्षांनी येणारे महामहम २०१६ मध्ये झाले, पुढील २०२८ मध्ये होईल. नवग्रहांच्या मंदिरांची यात्रा करणारे भाविक वर्षभर येतात. परंतु ते दर्शन आटोपून पुढच्या गावी जातात. गर्दी मोठी, मुक्काम अल्प आणि दरडोई खर्च त्याहून अल्प, हे तीर्थक्षेत्रांचे सर्वत्र आढळणारे दुखणे येथेही आहे.

मराठी वाचकास या गावाच्या ताटात आणखी काही सापडेल. तंजावरच्या भोसले राजवटीचा हा मुलूख. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथीलच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात 'सरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी पाकग्रंथ जतन केलेला आहे. संभाजीराजांच्या पाहुणचारासाठी आमसुलाऐवजी चिंच घालून आमटी केली व तिचे सांबार झाले, ही कथा मात्र लोककथा म्हणूनच सांगावी. तिला कागदोपत्री आधार नाही. मूग व बटाटा घालून केलेला, इडलीबरोबर वाढला जाणारा 'कडप्पा' हा पदार्थ कुंभकोणमच्या नावाने ओळखला जातो. अशा सामग्रीचे सुविहित, दोन दिवसांचे प्रवासपॅकेज तयार करणे ही शिकण्याची विद्या आहे. आचाऱ्याची विद्या ती नव्हे.

पोलेन्झोचा धडा

ही विद्या शिकवणारी सर्वांत परिचित संस्था इटलीत, पिडमाँट प्रांतातील ब्रा या गावाजवळ पोलेन्झो येथे आहे. 'स्लो फूड' चळवळीने २००४ मध्ये तेथे अन्नशास्त्राचे विद्यापीठ सुरू केले. त्याची पार्श्वभूमी जाणून घेण्याजोगी आहे. १९८६ मध्ये इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाइनने वीसहून अधिक बळी घेतले. इटालियन वाइनची निर्यात कोसळली आणि त्याची झळ प्रामाणिक उत्पादकांनाही बसली. त्यानंतर पिडमाँटच्या उत्पादकांनी प्रमाण घटवून प्रत वाढवण्यावर भर दिला. द्राक्षमळ्यांच्या याच टेकड्यांना २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एकोणिसाव्या शतकातील एका राजघराण्याच्या शेतीवाड्यात हे विद्यापीठ भरते; त्याच आवारात वाइनची पेढी आहे. विद्यार्थ्यांना शेतकरी, चीज बनवणारे व कोळी यांच्याकडे अभ्यास-प्रवासास पाठवले जाते. ग्राहकाला उत्पादकाच्या दारी कसे न्यावे आणि त्या भेटीची किंमत कशी आकारावी, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. स्पेनमधील सान सेबास्तियान येथील पाकविद्या केंद्रात २०११ पासून असेच शिक्षण दिले जाते.

एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये. पिडमाँटमध्ये उत्पादकांचे संघ आधी झाले, विद्यापीठ नंतर आले. कुंभकोणममध्ये परतणाऱ्या पदवीधराला असा तयार संघ मिळणार नाही. तो त्यालाच उभा करावा लागेल.

हप्त्याचे गणित

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी १० टक्के व्याजाने २० लाख रुपयांचे कर्ज घेतले. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांवरील कर्जास मूर्त तारण द्यावे लागते, म्हणजे वडिलांचे घर किंवा आईचे सोने गुंतले. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीस सूट असते. या दोन वर्षांचे सरळव्याज चार लाख. २४ लाखांची १५ वर्षांत फेड करावयाची तर मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो. कॉफीच्या पेल्यामागे निव्वळ नफा पाच रुपये धरल्यास केवळ हप्त्यासाठी रोज सुमारे १७३ पेले विकावे लागतील. घरखर्च, जागेचे भाडे व नोकरांचे पगार निराळे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८० ई अन्वये व्याजावर वजावट मिळत आली आहे, पण तिचा लाभ करपात्र उत्पन्न असणाऱ्यालाच.

नोकरदाराच्या पगारावर बेतलेले हे वेळापत्रक उद्योजकास पेलत नाही. नवा व्यवसाय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जेमतेम पायावर उभा राहतो आणि हप्ता त्याआधीच दारात येतो. परिणामी पदवीधर परदेशातच हॉटेलात नोकरी धरतो. ज्या गावासाठी शिक्षण घेतले ते गाव मागे राहते, तारण मात्र गावातच अडकलेले असते. यात दोष विद्यार्थ्याच्या निष्ठेचा नसून कर्जाच्या रचनेचा आहे. उद्योजकतेच्या अभ्यासक्रमांसाठी सवलतीचा काळ तीन वर्षांचा करणे हा तुलनेने स्वस्त उपाय ठरेल.

याच कुंभकोणममध्ये वाढलेले श्रीनिवास रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले, ते मद्रास विद्यापीठाच्या वार्षिक २५० पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. शाकाहारी रामानुजन तेथे स्वतःच स्वयंपाक करीत. त्यांच्या डोक्यावर कर्ज असते तर काय झाले असते, हा तर्क करण्यात हशील नाही. परंतु अनिश्चित फळाच्या विद्येला कर्जापेक्षा शिष्यवृत्ती मानवते, एवढे खरे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती व वारसा यांवरील विषय वगळण्यात आले. भारतीय अन्नसंस्कृतीवरील प्रस्ताव त्यात अडकू शकतो. व्यवसाय-व्यवस्थापन म्हणून त्याची मांडणी करणे श्रेयस्कर.

शिक्षणाचा सगळा भाग परदेशात घेण्याचेही कारण नाही. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावरला राष्ट्रीय अन्नतंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था आहे. १९६७ मध्ये भात-प्रक्रिया संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. प्रक्रिया, साठवण, अन्नसुरक्षा हे सर्व येथे शिकता येते. पर्यटनाचा भाग तेवढा बाहेर जाऊन, तीन-चार महिन्यांच्या वास्तव्यात आत्मसात करता येईल. तेवढ्याने कर्ज साडेसात लाखांच्या आत राहिले, तर घर तारण ठेवण्याची वेळ येत नाही आणि २४ लाखांवर येणारा २६ हजारांचा हप्ता, विनासवलत काळाचे व्याज धरूनही, दहा हजारांच्या खाली येतो.