दार कायम, घर नवे

‘बस’ हा शब्द मराठी माणसाने इतका आपलासा केला आहे, की तो परक्या घरचा आहे याची आठवणही आता कोणास होत नाही. लॅटिन भाषेत ‘ओम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये भाडे भरून कोणासही बसता येईल अशा घोडागाडीस हे नाव मिळाले. पुढे नावाचे शेपूट तेवढे उरले आणि ते जगभर पसरले. वीजघरात अनेक तारांना एकत्र आणणाऱ्या जाड धातूच्या पट्टीस ‘बसबार’ म्हणतात. आमच्या भोपाळमध्ये भेलच्या कारखान्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या घरी हा शब्द मुलाबाळांनाही ठाऊक असतो. याच कुळातील तिसरी बस संगणकाच्या पोटात आहे. तिच्यासंबंधी आणि तिच्याशी सोयरीक जुळविणाऱ्या एका विलक्षण चिपेसंबंधी चार शब्द लिहावेत, असा आमचा मानस आहे. आम्ही भाषेचे शिक्षक. परंतु या विषयात जो विचार दडलेला आहे तो केवळ यंत्रज्ञांपुरता नाही.

संगणकाचे झाकण उघडले की आत एक मोठी पाटी दिसते व तिच्यावर ओळीने लांबट खाचा असतात. आवाजाचे कार्ड, चित्राचे कार्ड, प्रयोगशाळेतील मापनाचे कार्ड अशी निरनिराळी उपकरणे या खाचांत खोवली जातात. त्या सर्वांना मुख्य प्रक्रियकाशी जोडणारा सामाईक तारांचा जुडगा म्हणजे बस. १९९२ साली इंटेल कंपनीने ‘पीसीआय’ नावाची बस जाहीर केली आणि पुढील दहा-बारा वर्षे घरोघरच्या संगणकांत तिचेच राज्य होते. तिच्या मूळ रूपात एका वेळी ३२ अंश वाहून नेले जात आणि सेकंदास ३ कोटी ३० लाख ठोके पडत. म्हणजे सेकंदास अधिकात अधिक सुमारे १३ कोटी ३० लाख बाइटांची वाहतूक.

या बसची शिस्त मोठी कडक. दोन ठोक्यांमधील अंतर अवघे ३० नॅनोसेकंद. आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. ठोका पडल्यापासून ११ नॅनोसेकंदांच्या आत कार्डाने आपला अंश तारेवर मांडलाच पाहिजे. बोलण्याची परवानगी कोणी मागावी, ती कोणी द्यावी, ऐकणाऱ्यास उशीर होत असल्यास बोलणाऱ्याने कसे थांबावे, हे सारे लिखित नियमांनी बांधलेले. तारा सर्वांच्या असल्याने एकाची बेशिस्त सर्वांनाच भोवते.

आता दुसऱ्या पात्राची ओळख करून घेऊ. नेहमीची चिप ही शिलालेखासारखी असते. कारखान्यात जे कोरले ते कोरले. त्यात पुढे काना-मात्रेचाही फरक होत नाही. १९८५ साली अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने एक वेगळीच चिप बाजारात आणली. तिचे नाव ‘एक्ससी २०६४’. तिच्यात ६४ छोटे तर्कघटक होते आणि प्रत्येकाने काय काम करावे, कोणाचा हात कोणाशी जोडावा, हे चिप विकत घेणाराच ठरवू शकत असे. शिलालेखाच्या जागी शाळेची पाटी आली. या जातीच्या चिपांना ‘एफपीजीए’ म्हणतात.

तिची युक्ती आमच्या प्राथमिक वर्गातील पाढ्यांसारखी आहे. पाढे पाठ असलेला मुलगा ‘सात आठे’ म्हणताच बेरीज करीत बसत नाही. मनातल्या तक्त्यातून ‘छप्पन’ काढून देतो. तर्कघटकाचेही तसेच. चार तारांवर ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा खुणा आल्या तर त्यांच्या जुळण्या होतात १६. या सोळांची उत्तरे एका चिमुकल्या तक्त्यात आधीच लिहून ठेवायची. तक्ता बदलला की घटकाचे काम बदलले. आजच्या मोठ्या चिपांत असे लाखो तक्ते असतात. अशा बहुतेक चिपा वीज जाताच सारे विसरतात आणि वीज येताच आपला धडा पुन्हा वाचून घेतात. म्हणूनच त्यांना नवा धडा देणे शक्य होते.

या दोन पात्रांची गाठ पडली तेव्हा मात्र अडचण उभी राहिली. एखाद्या अभियंत्यास स्वतःच्या कामाचे कार्ड करावयाचे, तर त्याला बसचे सारे नियम आधी चिपेत बसवावे लागत. मोकळ्या तक्त्यांतून बसची ती अकरा नॅनोसेकंदांची शिस्त पाळणे अवघड. शिवाय चिपेची बरीचशी जागा या दारातच खर्ची पडे आणि मूळ कामास उरे ती थोडी. पाहुण्यांच्या स्वागतातच घरातील धान्य संपावे, तशी ही गत.

यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक तोड निघाली. १९८८ साली स्थापन झालेल्या क्विकलॉजिक या अमेरिकन कंपनीने ‘क्विकपीसीआय’ नावाच्या चिपा काढल्या. त्यांत चिपेचा एक कोपरा कारखान्यातच कायमचा घडविलेला असे. बसशी बोलण्याचे सारे नियम त्या कोपऱ्यात पक्के कोरलेले. उरलेली चिप मोकळी. ती ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे भरावी. लूसंट कंपनीनेही त्याच सुमारास याच धर्तीची चिप तयार केली. दार कारखान्याने बांधून दिले. घर राहणाऱ्याने मांडावे, अशी ही वाटणी.

आम्हां महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांना ही वाटणी परिचयाची वाटावी. भोपाळच्या मराठी घरात ‘चौराह्यावर’, ‘सब्जीमंडीतून’, ‘बस्त्यात’ असे शब्द दिवसभर चालतात. शब्द हिंदीचे, परंतु त्यांचे सामान्यरूप आणि त्यांना लागलेला प्रत्यय मराठीचा. नाम कोणत्याही गावचे असो, प्रत्ययाच्या दारातून ते आत आले की मराठी वाक्यात त्यास पाट मांडला जातो. शब्दसंग्रह पिढीगणिक बदलतो. प्रत्यय मात्र सहसा बदलत नाहीत. काय घट्ट ठेवावे आणि काय सैल सोडावे, हा निर्णय भाषेने कधीच घेऊन टाकला आहे. चिप घडविणाऱ्यांना तो विचारपूर्वक घ्यावा लागला, एवढेच.

या निर्णयाची खरी कसोटी पाहावयाची असेल तर पुणे जिल्ह्यात जावे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागते. तेथून जवळच जुन्नर तालुक्यातील खोडद गावी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत; त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने उभ्या आहेत. पोलादी दोरांवर तारांची जाळी ताणून या तबकड्या बनविल्या, त्यामुळे त्या हलक्या व स्वस्त झाल्या. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्रास अर्पण करण्यात आली.

तबकडी आकाशातील लहरी गोळा करते. त्यांचा अर्थ लावण्याचे काम मध्यवर्ती इमारतीतील यंत्रांचे. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीचे संदेश क्षणोक्षणी एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. प्रारंभी हे काम त्याच कारणासाठी घडविलेल्या कायमच्या चिपा करीत. त्यांना एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा पाहता येई. पुढे २०१० च्या सुमारास संगणकांच्या बसमध्ये खोवलेल्या कार्डांनी संदेश अंकांत बदलून घेऊन संगणकाकडूनच हिशेब करविण्याची व्यवस्था आली. तरीही खिडकी होती तेवढीच राहिली.

मग ती ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंद करण्याचे ठरले. वाचकांनी येथे थोडे गणित सोसावे. एवढा पट्टा टिपावयाचा तर प्रत्येक संदेशाचे सेकंदास ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुन्यास एक बाइट धरला तर ८० कोटी बाइट. जुनी पीसीआय बस सेकंदास १३ कोटी वाहून नेणारी. एका संदेशासच तशा सहा बस लागतील. आणि संदेश तर ६०, कारण प्रत्येक तबकडीकडून दोन येतात. एकूण ओघ झाला सेकंदास ४,८०० कोटी बाइट. एवढा लोंढा कोणत्याही संगणकाच्या दारावर तसाच आदळून चालणार नाही; वाटेतच कोणीतरी तो आवरला पाहिजे.

ते काम खोडद येथे एफपीजीएंकडे सोपविण्यात आले. ‘रोच’ नावाच्या ज्या पाट्या तेथे वापरल्या गेल्या, त्यांचा आराखडा दक्षिण आफ्रिका व अमेरिका येथील खगोलशास्त्रज्ञांच्या सहकार्यातून निघाला आणि तो सर्वांना खुला आहे. तीवर झायलिंक्सची ‘व्हर्टेक्स-५’ चिप बसते. अंकरूप झालेला संदेश हाती घ्यावयाचा, त्याची ठराविक आकाराची पुडकी बांधावयाची, प्रत्येकावर अनुक्रम घालावयाचा आणि वेगवान जाळ्यावरून ती संगणकांकडे धाडावयाची, हे तिचे काम. पुढचा अवजड हिशेब चित्रप्रक्रियक करतात, आणि ते संगणकाच्या ‘पीसीआय एक्सप्रेस’ या नव्या बसमध्ये खोवलेले असतात. या नव्या बसच्या घडणीत अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. यूएसबीचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते, आणि ते आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत.

या पाटीवरील व्हर्टेक्स-५ चिपेत नव्या बसचे दार आणि जाळ्याचे दार, अशी दोन्ही दारे कारखान्यातूनच कोरून येतात. रोचच्या आराखड्याने संदेशांच्या वाहतुकीसाठी बसचा रस्ता न धरता जाळ्याचा धरला. यात मोठे शहाणपण आहे, कारण दारालाही वय असते. क्विकपीसीआय चिपांचे दार त्या काळी उत्तम होते. परंतु नव्या संगणकांतून जुन्या खाचा नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा ते दार ज्या रस्त्यावर उघडत होते तो रस्ताच उरला नाही. शिवाय त्या चिपा एकदाच लिहिता येणाऱ्या जातीच्या होत्या. लिहिलेले पुसण्याची सोय नव्हती. म्हणून पक्के काय करावे याचे उत्तर जपून द्यावे लागते. ज्यावर जगाचे दीर्घकाळ एकमत राहील तेवढेच कोरावे. ज्यासंबंधी आपलेच विचार उद्या बदलतील, ते पाटीवर लिहावे.

आमच्या भोपाळमध्ये निशातपुरा येथे रेल्वेचा सवारी डबा पुनर्निर्माण कारखाना आहे. ऐन मध्यमवयातील डबे तेथे येतात. गंजलेले पत्रे, आसने, तारा काढून नव्या घालतात आणि डबा पुन्हा रुळावर जातो. चाकांची मांडणी मात्र १,६७६ मिलिमीटर अंतराच्या रुळांसाठीचीच राहते, कारण ते देशभरच्या रुळांशी झालेले वचन आहे. खोडद येथे झाले ते याच जातीचे काम. तबकड्यांचे पोलाद तेच राहिले. लहरी टिपणारी उपकरणे व त्यांमागील यंत्रणा नवी झाली. तीस नव्या तबकड्या उभारण्याचा खर्च आपल्यासारख्या देशास सहज झेपला नसता.

आणि फळ काय मिळाले? २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या दुर्बिणीचे एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या ७,६५३ आकाशगंगांतील हायड्रोजन वायूचे क्षीण संदेश एकत्र करून त्यांतील वायूचे सरासरी प्रमाण प्रथमच मोजले गेले. त्या काळी तारे ज्या वेगाने जन्मत होते, त्या वेगाने तो साठा शंभर-दोनशे कोटी वर्षेच पुरला असता, असे दिसून आले. आकाशगंगा जितकी दूर, तितका तिचा संदेश खालच्या पट्टीत उतरतो. निरनिराळ्या अंतरांवरच्या हजारोंचे संदेश एकदम टिपण्यास रुंद खिडकीच हवी होती. ३२ मेगाहर्ट्‌झच्या फटीतून हे साधले नसते.

आता आपल्या मुलांविषयी. चिपा कोरणारे कारखाने हजारो कोटींचे असतात आणि ते प्रत्येक गावी निघणार नाहीत. परंतु मोकळ्या चिपेस धडा देण्यासाठी कारखाना लागत नाही. एक छोटी पाटी, एक संगणक आणि ‘व्हेरिलॉग’ वा ‘व्हीएचडीएल’ नावाची लेखनभाषा एवढ्यावर भोपाळच्या वसतिगृहातील विद्यार्थीही स्वतःचे यंत्र लिहून चालवू शकतो. ही भाषा व्याकरणाच्या दृष्टीने फार कठोर आहे. अर्धविराम चुकला तरी ती माफ करीत नाही. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांना ती म्हणूनच प्रिय वाटते.

घरात एखादा जुना, बंद पडलेला संगणक असेल तर तो रद्दीवाल्यास देण्यापूर्वी त्याची वीज काढून झाकण मुलांच्या हातून उघडू द्यावे. आतल्या खाचा त्यांना दाखवाव्यात आणि विचारावे: निरनिराळ्या देशांत, एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांनी बनविलेली कार्डे या एकाच खाचेत नेमकी कशी बसतात? मुलाने उत्तरादाखल नियमाचा शोध सुरू केला, म्हणजे त्या जुन्या यंत्राचे शेवटचे कामही चांगलेच झाले असे समजावे.